गोल की टोकदार

वारंगा फाट्यावर बसची वाट बघत कुणी उभं राहिलं, की किसनमामा त्याच्या तळहातावर शिशाच्या दोन गोळ्या ठेवायचे. एक गोल, एक टोकदार. "बोला, ठासणीच्या सहाबारीत कोणती घालावी?" मामा स्वतः कट्टर गोलवाले. पण समोरचा "गोल" म्हणाला, तर गोळ्या काढून घेऊन तोंड फिरवायचे. "टोकदार" म्हणणाऱ्याला मात्र चहा, आणि चहाआधी प्रश्न, "काहून?"

ती सहाबारी, म्हणजे सहा गोळ्यांचं जुनं पिस्तूल, निजामाच्या काळात एका जहागीरदाराने त्यांच्या वडिलांना दिलेली. घोडा गंजून बसलेला. तिच्याने माशीसुद्धा मेली नसती. तरी मामा समजावून सांगायचे, "गोल गोळी ठासली की सहाबारीच्या घरात गच्च बसते. टोकदार तिरकी बसली की तिरकीच जाते. माणसासारखी."

मी जळायचो त्यांच्यावर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. विहारातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मी वाढलेला. जात, जमीन, मजुरी यांवर स्वतः पत्रकं काढायचो, सायकलवरून पार डोंगरकडा गावापर्यंत वाटायचो. लोक न वाचताच म्हणायचे, "बराबर हाय." का, म्हणून एकानेही कधी विचारलं नाही. आणि इकडे दोन शिशाच्या तुकड्यांवर अख्खा फाटा तावातावाने भांडायचा.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी फाट्यावर माझी सभा होती. सरंजामी हत्यारं आणि सरंजामी मनं, असा विषय. मी पेटलो होतो, तोच मामा सहाबारी धुतलेल्या उपरण्यात गुंडाळून जीपकडे निघाले. माझी सभा उठून त्यांना पोचवायला गेली. ठाण्यात त्यांनी जमादाराला बजावलं म्हणे, "सायेब, हिच्यात टोकदार घालू नका. मी न्हाई इथं बघायला."

जमादार म्हणाला, "मामा, आमी हिला हातबी लावत न्हाई. धनुर्वात व्हईल."

संध्याकाळी मी भांडायलाच त्यांच्या घरी गेलो. "मामा, जहागिरीचं लोखंड कशाला कवटाळून बसलात? परत आणूच नका."

"बराबर," मामा म्हणाले. "राहू दे ठाण्यातच."

मी हिरमुसलो. "मग त्या गोळ्या तरी कशाला?"

मामांनी टोकदार गोळी खिशातून काढली. "ही हरचंदची. तांड्यावरचा माझा दोस्त. जवानीपासून रोज ह्या बाजेवर येऊन बसायचा. तो म्हणणार, टोकदार लांब जाते. मी म्हणणार, गोल सरळ जाते. सहाबारी दोघांनीबी कधी उडवली न्हाई. माझी बायको गेली तवा तिसऱ्या दिवशी आला, अन् बसल्या बसल्या म्हणला, टोकदारच. मागल्या पोळ्याला वारला. मरतानाबी कबूल न्हाई केलं."

आता मी त्या हरचंदवर जळू लागलो. जन्मभर माझ्याशी भांडेल असं एकही माणूस मी जोडलं नव्हतं.

मी बाजेवर बसलो. म्हणालो, "टोकदार."

"असं मऊ न्हाई, बाबू. तो मांडीवर थाप मारायचा."

मी थाप मारली. "टोकदारच."

मामा पुढं सरकले.

"काहून?"