कुरळीचं डोकं

डोळे मिटा पाहू. आता समजा, तुम्ही एका रोपवाटिकेत उभे आहात. दारापाशी कुंडीत एक लालभडक झाड आहे. पानं इतकी बारीक कातरलेली, की वाटावं, कुणी रिकामटेकडा दिवसभर कात्री घेऊन बसला होता. हा जपानी मेपल. रोपवाटिका एका बहीणभावाची, आणि झाड बहिणीचं लाडकं. उघडा डोळे.

भावाची मुलगी बहिणीला आत्या म्हणायची, म्हणून आपणही आत्याच म्हणू. आत्या कलमं करायची. भाऊ, म्हणजे बाबा, बिया पेरायचे. त्यांनी लाल झाडाच्या बिया पेरल्या आणि शाळेच्या मोठ्या बाईंना सांगून टाकलं, "हुबेहूब अशीच लाल रोपं देतो!"

"अरे, बी म्हणजे लेकरू," आत्या म्हणाली. "ते काय आईची नक्कल करतं?"

"बघच तू, ताई!"

रोपं वाढली. एक हिरवं, एक तपकिरी, एक भोपळ्यासारख्या रुंद पानांचं. लाल मात्र एकही नाही. एकाची पानं तर शेवयांसारखी गुंडाळलेली. मुलीनं त्याचं नाव ठेवलं कुरळी. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती कुरळीला पाणी घालायची.

एक दिवस आत्या बाजारात गेलेली असताना मोठ्या बाईंचा फोन आला. "रोपं न्यायला संध्याकाळी येते हं!"

बाबांना घाम फुटला. मग युक्ती सुचली. ह्याच रोपांवर लाल झाडाच्या काड्या बांधल्या की झालं! आत्याला हे काम करताना त्यांनी हजारदा पाहिलं होतं. म्हणजे, शेजारी बसून चहा पिताना पाहिलं होतं.

त्यांनी आधी सगळ्या रोपांची डोकी उडवली. मग लाल झाडाच्या काड्या कापल्या. एक नीट बसेना, म्हणून दुसरी. दुसरी मोडली, म्हणून तिसरी. बांधायची पट्टी संपली, तेव्हा मुलीच्या रिबिनी आल्या. त्याही संपल्यावर मोज्यांची इलॅस्टिकं आली.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. "बाबा, माझी कुरळी कुठंय?"

"ही काय! आता लाल होणार ती!"

"पण तिचं डोकं?"

बाबांनी कचऱ्याच्या टोपलीकडे पाहिलं. मुलीनं भोकाड पसरलं. आणि दारातून आत्याचा आवाज आला, "माझ्या झाडाचा हा न्हावी कोण?"

लाल झाडाची एक बाजू साफ टकली झाली होती. आत्यानं कंबरेवर हात ठेवले. "आणि रोपांची डोकी कुणी छाटली? शहाण्या, काडी जगेपर्यंत खुंटाचं, म्हणजे खालच्या रोपाचं, डोकं ठेवायचं असतं!"

"ते तू कधी सांगितलंस?"

"दर वेळी सांगते! तू चहात बिस्किट बुडवत असतोस!"

मुलगी हुंदके देत टोपली उपसत होती. तिनं एक सुकत चाललेला शेंडा वर काढला. आत्या बोलता बोलता थांबली. तिनं चष्मा पुसला. "हे पान... असलं पान मी जन्मात पाहिलं नाही! पाणी आणा! ओलं फडकं! अरे, उभा काय राहिलास खांबासारखा!"

मग अशी धावपळ उडाली, की बाबांनी पाण्याची बादली दोनदा स्वतःवरच सांडली. चाकू आला, पट्टी आली. "आता डोकं शाबूत असलेलं रोप दे," आत्या म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. तसं रोप एकही उरलं नव्हतं.

आत्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि शेवटी आपल्या लाडक्या लाल झाडाकडं पाहिलं. सुस्कारा टाकून तिनं एका टकल्या फांदीला काप दिला आणि कुरळीचा शेंडा तिथं बसवला. वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली.

मोठ्या बाई आल्या. रिबिनी आणि इलॅस्टिकं बांधलेली रोपं पाहून म्हणाल्या, "ही बरी झाली की मगच पाठवा."

मुलगी रोज पिशवीशी नाक लावून बसायची. आणि एका सकाळी ती किंचाळली, "आली! आली!" फांदीवर एक नवं, इवलंसं, कुरळं पान उघडलं होतं.

"बी कुणी पेरलं होतं?" बाबा नाचायचे तेवढे बाकी होते.

"आणि कलम कुणी केलं?" आत्या म्हणाली. "आता ह्याच्या काड्या काढून घरभर कलमं करते!"

"छे, ताई! ह्याच्या बिया पेरू!"

दोघं हमरीतुमरीवर आले. मुलीनं एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा आत्याकडं. मग तिनं टेबलावरचा चाकू उचलला, दोघांच्याही कात्र्या उचलल्या, सगळं खोक्यात घालून वर कुलूप लावलं, किल्ली दप्तरात टाकली आणि ती शाळेला निघून गेली.