कोर्बिनियानच्या पेल्याचं झाकण

"वहिनी, हात लावू नका! म्युझियमची वस्तू आहे ती!" इग्नात्स ओरडेपर्यंत वाल्बुर्गाबाईंनी पेटीची काच उचललीसुद्धा होती.

बाईंचंही चुकलं म्हणवत नाही. आमच्या गावची बिअरची भट्टी बंद पडून तिचं म्युझियम झालं, जुना बार तेवढा राहिला. त्या भट्टीत चाळीस वर्षं राबलेला कोर्बिनियान गेल्या वर्षी वारला. त्याचा पेला घरात बघवेना, म्हणून बाईंनी तो म्युझियमला देऊन टाकला. आज वर्ष झालं. चर्चमधली प्रार्थना उरकून त्या धाकट्या दिराला घेऊन पहिल्यांदाच पेला बघायला आल्या आणि थबकल्या. पेल्याचं कथलाचं झाकण सताड उघडं होतं.

आता आमच्याकडे झाकण उघडं म्हणजे 'भरा', आणि लावलं म्हणजे 'पुरे'. तोंडानं कुणी सांगत बसत नाही.

"वर्षभर माझा नवरा तहानलेला बसलाय, भावजी! आणि लोक खुशाल फोटो काढतायत!"

"अहो, झाकणाच्या आतलं नाव दिसावं म्हणून ठेवलं असेल उघडं."

"नाव काय मला माहीत नाही? मी झाकण लावणार. शांत झोपू दे त्या माणसाला."

बाईंनी काच उचलली आणि घंटा ठणाणा वाजायला लागली. म्युझियमची आणि त्याला लागून असलेल्या बारची बाहेरची लोखंडी दारं आपोआप बंद झाली. संचालिका मॅडम कचेरीतून धावत आल्या, दारं उघडेनात म्हणून त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला. त्याबरोबर बारमध्ये बारा फोन एकदम वाजले. आमचं दल पडलं हौशी. रविवारी सकाळी सगळे जवान तिथंच पीत बसलेले.

"आम्ही इथंच आहोत, मॅडम," दलाचे प्रमुख मिशीचा फेस पुसत म्हणाले. "पण दार बाहेरून उघडावं लागतं. आणि बाहेर कुणी उरलेलं नाही."

इग्नात्स मदत मागायला बारमध्ये धावला होता. तिथं कुणीतरी हातात दिलेला पेला त्यानं घाईघाईत टेबलावर ठेवला, तोही उघडाच. वाढणाऱ्या बाईंनी तो भरला. घाबरून त्यानं तो संपवला, पुन्हा उघडा ठेवला, त्यांनी पुन्हा भरला. असं चारदा झालं.

"पेटी कुणी उघडली?" मॅडम बारमध्ये येऊन कडाडल्या.

"मी!" इग्नात्स हेलकावे खात उभा राहिला. "सगळं मीच केलं. शेताच्या बांधावरून दादाशी सहा वर्षं बोललो नाही, तो मीच. तो दवाखान्यात होता तेव्हा गेलो नाही, तोही मीच." आणि तो भर बारमध्ये लहान पोरासारखा रडायला लागला.

मॅडमना काही सुधरेना. "त्यांनी नाही हो, मी उघडली," वाल्बुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकणाचं सगळं सांगितलं. मॅडम शहरातल्या, त्यांना हा रिवाज ठाऊक नव्हता. त्या ओशाळल्या. त्यांनी आधी घंटा बंद केली.

"लावा, आजी. तुम्हीच लावा."

बारा जवान टोप्या काढून पेटीभोवती उभे राहिले. बाईंनी झाकणावर अंगठा ठेवला. बराच वेळ झाला, अंगठा काही दाबला जाईना.

"लावा ना, वहिनी," इग्नात्स नाक ओढत म्हणाला.

"नाही लावत, भावजी." बाईंनी हात मागे घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. "पुरे म्हणायचं तर त्यांनी म्हणावं. मी कसं म्हणू? मला कुठं पुरे झालेत ते?"

वाढणाऱ्या बाई एप्रनला हात पुसत पुढं आल्या, उघडं झाकण बघितलं आणि सवयीनं पेला काठोकाठ भरला.

"अहो, ती म्युझियमची..." मॅडम म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.