आधी उजेडात धरा

परबभाऊ बादली विकत घेत तेव्हा ती दुकानातच पाण्याने भरून घेत. पाणी दुकानदाराचं. भरलेली बादली फरशीवर ठेवून ते दुकानदाराच्या मुलाबाळांची चौकशी करत, गावच्या आंब्यांची हकीकत सांगत आणि मधूनमधून वाकून बादलीच्या बुडाकडे बघत. बूड कोरडं राहिलं तरच हात खिशाकडे जाई. छत्री घ्यायची तर ती दुकानातच उघडून डोक्यावर धरत आणि वरून तांब्याभर पाणी ओतायला सांगत. बोरिवलीच्या बाजारात त्यांना लांबून येताना बघून एका भांडीवाल्याने शटर अर्धं खाली ओढलेलं मी स्वतः पाहिलंय.

भाऊ आमचे शेजारी. भिंतीला भिंत. मूळचे मालवणकडचे, आणि नोकरीचा सगळा काळ गिरणीत कापड तपासण्यात गेलेला. ठाण उलगडायचं, उजेडात धरायचं, तुटका धागा किंवा तेलाचा ठिपका दिसला की खडूने खूण करायची. असला माल डागी. संपात गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. भाऊंचे डोळे मात्र कामावर जातच राहिले. कापड गेलं म्हणून काय झालं, बोरिवलीत डागी मालाला तोटा नव्हता.

"आधी उजेडात धरा," हे त्यांचं पालुपद. साबणाची वडी उजेडात, बिस्किट उजेडात. माझ्या मेहुणीला सांगून आलेल्या मुलाचा फोटोसुद्धा त्यांनी खिडकीशी नेला आणि "डाग आसा" म्हणून जाहीर केलं. डाग होता, पण तो आमच्याच चहाचा होता.

मी याच्या अगदी उलट. नारळ नासका निघाला तर पुढे महिनाभर मी त्या नारळवाल्याला तोंड चुकवतो, जणू मीच तो आतून नासवला. "साहेब, तुम्ही वापरलीत कशी?" असं दुकानदाराने नुसतं विचारलं तरी मी गुन्हा कबूल करून मोकळा होतो. त्यामुळे नव्या इस्त्रीने पहिल्याच शर्टाला मला शॉक दिला तेव्हा मी शांतपणे लाकडी पाट आणला. जन्मभर पाटावर उभं राहून इस्त्री करायची माझी तयारी होती.

ही गोष्ट भिंतीपलीकडे गेली.

"खोको खंय?" भाऊ दारातूनच म्हणाले. खोका फेकणाऱ्या माणसाला ते जवळजवळ वेडा समजत. त्यांचा स्वतःचा माळा रिकाम्या खोक्यांनी भरलेला होता. मी गोडाऊनात नांदते, असं परबवहिनी म्हणत.

खोक्यासकट इस्त्री घेऊन आम्ही दुकानात गेलो. शेठच्या डोक्यावर पाटी होती: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ग्राहकांसाठी नवा कायदा आला होता ते दिवस. भाऊंच्या खिशात पेपरातलं कात्रण असे आणि तो कायदा आपल्याला विचारूनच केलाय असा त्यांचा चेहरा असे. पण त्या दिवशी त्यांनी कात्रण काढलंच नाही. खिशातला रुमाल काढला.

"शेठ, भांडण नको. तुम्ही फक्त एवढा रुमाल इस्त्री करून दाखवा."

शेठने इस्त्रीकडे बघितलं. मग रुमालाकडे. बटण दाबणार इतक्यात भाऊ हळूच म्हणाले, "रबरी चपला काढून."

आम्ही दुसरी इस्त्री घेऊन घरी आलो. निघताना मी शेठला 'सॉरी' म्हणालो, त्याबद्दल भाऊंनी मला स्टेशनपासून घरापर्यंत झापलं.

या सगळ्यात वाट लागली ती वहिनींची. लग्नापासून त्यांनी आणलेली प्रत्येक वस्तू उजेडात धरली गेली होती. पातेलं, परकराचं कापड, मेथीची जुडी. शेवटी त्यांनी बाजाराचं नावच टाकलं. "तेच आणतीत काय ता," म्हणायच्या आणि पिशवी भाऊंच्या हातात द्यायच्या. भाऊंना वाटायचं, बायको किती समजूतदार.

आणि एके दिवशी वहिनी माझ्या बायकोबरोबर बाजारात गेल्या, ते भिंतीवरचं घड्याळ घेऊनच आल्या. गोल तबकडी, खाली झोपाळा आणि झोपाळ्यावर डुलणारे दोन पोपट. दुकान तेच, इस्त्रीवाल्या शेठचं. मजल्यावरचे सगळे दारात जमले. भाऊ आले. घड्याळ हातात घेतलं. आता हे खिडकीकडे वळणार म्हणून आम्ही वाट सोडली. पण भाऊंनी एकदा वहिनींच्या तोंडाकडे बघितलं. शाळकरी पोर परीक्षेचा निकाल ऐकायला उभी राहते तशा त्या पदराचं टोक धरून उभ्या होत्या.

"डाग नाय," भाऊ म्हणाले. उजेडात न धरता.

तेव्हापासून वहिनी बदलल्याच. नळाला पाणी कधी येणार हे मजल्यावरच्या बायका आता वहिनींच्या घड्याळाला विचारू लागल्या. वहिनी दारात येऊन वेळ सांगायच्या, त्या थाटात की जणू पाणीही त्याच सोडणार आहेत. आठवड्याचा बाजारही त्या स्वतः करू लागल्या. एक गोष्ट मात्र मला खटकली. त्या घड्याळाचा खोका मला जिन्याखाली दिसला. त्यात मांजरीने पिल्लं घातली होती.

पुढे पाय मुरगळून मी काही दिवस घरी होतो. एका दुपारी हातोडी मागायला म्हणून लंगडत शेजारी गेलो. दार लोटलेलंच होतं. आत भाऊ स्टुलावर चढलेले, एका डोळ्याने मनगटावरचं घड्याळ बघत, बोटाने भिंतीवरचा मिनिटकाटा पुढे ढकलत होते.

"मागे पडतं?" मी विचारलं.

भाऊ दचकले. "बोंबलू नको रे. रोज पडता."

मी म्हणालो, अहो, गॅरंटी आहे, कायदा तुमच्या बाजूने आहे, शेठ तर तुम्हाला बघूनच चपला काढतो. साक्षीदार म्हणून मी येतो. मी हे म्हणालो यावर माझाच विश्वास बसेना.

भाऊ सावकाश खाली उतरले. म्हणाले, दुकानात गुपचूप विचारून आलोय. पोपटवालं एकच होतं, बदल्यात हरणाचं देतो म्हणतो शेठ. दुरुस्तीला टाकावं तर खिळा रिकामा दिसणार.

"पोपट बघून घेतल्यान ना तिनं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी एक वस्तू आपल्या मनाने आणली. आता ती डागी म्हटली, तर परत मेथीची जुडी पण आणायची नाय."

मग त्यांनी स्टूल पुसून जागेवर ठेवलं, पावलांचा ठसा राहिला नाही ना ते वाकून बघितलं, आणि मला हातोडी न देताच बाहेर काढलं.

घरी आलो. वहिनी नेहमीप्रमाणे आमच्याकडे बायकोबरोबर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. भाऊंना सावरायला जरा वेळ मिळावा, पण संशयही येऊ नये, म्हणून मी धूर्तपणे म्हटलं, "वहिनी, आज घाई नाही वाटतं घरी जायची?"

वहिनींनी सूप उगाचच एकदा पाखडलं.

"बसतंय जरा," त्या म्हणाल्या. "हे स्टुलार असतले. मदीच गेलंय तर दचकान पडतले."

माझ्या बायकोने काही न विचारता चहाचं आधण पुन्हा ठेवलं. सगळ्या मजल्यावर ही गोष्ट ठाऊक नसलेला मी एकटाच होतो.