पहिल्या हाकेला ओ

आमचे शेजारी दगडूअण्णा हाकेला ओ देतात. यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष एवढंच, की हाक कुणी मारलेलीच नसते.

भर उन्हाळ्याची दुपार असते. आमच्या नांदूरघाटच्या पट्ट्यात वैशाखात जेवणं उरकली की रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरून पडतात. पान हलत नाही. अशा वेळी भिंतीपलीकडून एकदम खणखणीत आवाज येतो, "ओ. आलो, आलो." मग अनवाणी पायांची लगबग, मागच्या दाराची कडी, आणि त्यानंतर काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला पेपर गळून पडला होता. कारण त्या घरात अण्णांशिवाय दुसरं माणूस नाही. अण्णांची बायको गयाकाकू जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि मुलगा विलास पुण्याला.

आता तुम्ही बाहेरचे असाल तर सांगायला हवं. आमच्याकडं भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. ते जे काही असतं ते तुमचं नाव घेऊन हाक मारतं, ओळखीच्या आवाजात मारतं, पण दोनदाच मारतं. त्याला तिसरी हाक येत नाही. म्हणून तिसरी ऐकू आली तरच माणूस समजायचं आणि बोलायचं. मधेच ओ दिली तर तुमचं तुम्ही बघा. आमच्या घरी धम्म घेतल्यापासून असली सगळी खाती बंद झाली. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव विहिरीत सोडले ते सोडलेच. तरी माझी आई दुपारच्या पहिल्या हाकेला गप्पच बसायची. विचारलं तर म्हणायची, "मला ऐकूच आलं न्हाई बाबा."

आणि अण्णा तर या विषयातले पट्टीचे. नखं कधी कापावीत, पाणी कुठल्या दिशेला ओतावं, लिंबाचा पाला तोडण्याआधी झाडाला काय म्हणावं, सगळे नियम पाळणार. मोडणार तो नेमका एक. गल्लीनं त्याचा अर्थ काढला होता की म्हातारा सरकला. मीही थोड्याफार फरकानं तेच म्हणत होतो, फक्त शाळामास्तर असल्यामुळं शब्द जरा बरे वापरत होतो.

गंमत अशी, की हेच अण्णा एके काळी कशालाही मानत नव्हते. एसटीत कंडक्टर होते, केज-धारूरच्या फेऱ्यांवर. ड्रायव्हरनं पुढं लिंबू-मिरच्या टांगल्या तर हे त्यातली मिरची तोडून भाकरीबरोबर खायचे. एकदा धारूरच्या घाटात एका बाईच्या अंगात आलं. सगळी गाडी हात जोडून उभी. अण्णा तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "आई, तू देवी हायस तर हाय, पन तिकीट फाडावं लागंल. कुठून बसलीस?" बाईनं डोळे उघडून मुकाट्यानं थांब्याचं नाव सांगितलं. पुढं ड्रायव्हर म्हणाला, "लई माजलास बे दगड्या. एक दिवस ते तुजंच तिकीट फाडतील." हा किस्सा अण्णा स्वतःच रंगवून सांगत, आणि शेवटचं वाक्य सांगताना पूर्वी हसत. नंतर नंतर हसेनासे झाले.

त्यांची गाडी वळली ती रिटायर झाल्यावर. घाटाच्या पायथ्याशी एका पाहुण्याच्या शेतात गेले होते. परतताना दुपारची वेळ. ज्या रस्त्यावर आयुष्यभर घंटी वाजवली, त्याच रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर ते वाट चुकले. चालावं, चालावं आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी यावं. ऊन टाळूवर, रस्त्यावरच्या गाड्यांचा हॉर्न ऐकू येतोय, पण रस्ता काही येत नाही. शेवटी आईचं सांगणं आठवलं, म्हणून उजवी चप्पल डाव्या पायात नि डावी उजव्यात घातली. समोर रस्ता. रस्ता तिथंच होता, म्हणे, आधीपासून.

मी म्हणालो, अण्णा, ऊन लागलं होतं तुम्हाला.

"ऊन समद्यांला लागतं गुरजी," अण्णा म्हणाले. "मंग बाभळ एकच कावून लागती?"

मी नकळत माझ्याच चपलांकडं बघितलं.

तिथून पुढं अण्णांनी जो मार्ग धरला तो कुठल्या भगताचा नव्हे, कुठल्या बुवाचा नव्हे. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर एक धर्मच काढला म्हणा ना. त्याचं मूळ तत्त्व असं, की देव वेगळे आणि हे वेगळे. देवाला देऊळ लागतं, पुजारी लागतो. ह्यांना नुसती जागा लागते. एखादी बाभूळ, एखादा बांध, विहिरीची एखादी पायरी. तिथं कुणीतरी आधीच बसलेलं असतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, अगदी तसं. त्यामुळं अण्णांचं एक ठरलेलं वाक्य झालं होतं. तुम्ही सावली बघून कुठं टेकायला गेलात की ते दंडाला धरून हलकेच म्हणायचे, "तितं नगं. रुमाल टाकलेला हाय." मग आपण त्या रिकाम्या सावलीकडं बघायचं. हसू यायचं, पण बसवत नसे.

गावाबाहेर पडलेले, कुणी न विचारणारे शेंदराचे दगड त्यांनी हुडकून काढले. प्रत्येकाला पाणी घालायचे, पाला वाहायचे, दोन शब्द बोलायचे. काय बोलता, विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. सरकून घ्या मनलं, थोडं." आमच्या आजोबांनी विहिरीत सोडलेल्या देवांचीही त्यांनी एकदा चौकशी केली. म्हणाले, तुमच्या आज्यानं देव उचलले, पण रुमाल उचलायचा राहिला असंल. त्या दिवसापासून मी त्या विहिरीत वाकून बघत नाही. मानत नाही, पण बघतही नाही.

या सगळ्याची खरी मजा घेतली ती गयाकाकूंनी. बाई मोठी मिस्कील. आधी देवीला तिकीट मागत होते, आता दगडाला जागा देतेत, म्हणायच्या. म्हणजे दगड म्हणायच्या नाहीत. तो शब्द त्यांना वर्ज्य. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा जुना नेम, आणि नवऱ्याचं नाव दगडू. अण्णांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं नजर लागू नये असं नाव ठेवलं. त्याची शिक्षा सुनेला. काकू आयुष्यभर दगडाला धोंडा म्हणाल्या. नवऱ्याला हाक मारायची तर "अवं". मतदार यादीवाले आले आणि नवऱ्याचं नाव विचारू लागले, तर काकूंनी अंगणातून एक धोंडा उचलून त्यांच्यासमोर धरला. यादीवाला बिचारा दोन पावलं मागं सरकला. शेवटी मी मधे पडून नाव सांगितलं.

काकू गेल्या त्या अशाच वैशाखातल्या दुपारी. मागच्या पडवीत हृदय बंद पडलं. अण्णा पुढं लिंबाखाली झोपलेले होते, असं सगळ्यांनी धरून चाललं. अण्णांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यापासून ते ओ द्यायला लागले.

यंदा अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अंगणातल्या पायरीवरून एकदा पडले, थोडक्यात निभावलं. विलास पुण्याहून आला, ऑपरेशन तिकडं करू, दोन-तीन महिने राहा, म्हणाला. अण्णा ऐकेनात. डोळे गेले तरी चालतील, घर सोडणार नाही. विलास चिडला, रडला, शेवटी माझ्याकडं आला. गुरुजी, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात ते. आता उशीर केला तर दिसणारच नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं.

दिवेलागणीला मी गेलो. अण्णा लिंबाखाली बाजेवर बसले होते. बाजेची एक बाजू मोकळी होती. मी बसायला गेलो नि थांबलो. "बसा," ते म्हणाले, "तितं कुणी न्हाई." मी डोळ्यांवर, ऑपरेशनवर, विज्ञानावर एक बरं व्याख्यान दिलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् मागं हाक आली तर?"

मी म्हणालो, कुणाची हाक, अण्णा?

अंगणात अंधार उतरत होता आणि मला उगीचच मागच्या दाराकडं बघावंसं वाटत होतं.

"त्या दुपारी मी झोपलो नव्हतो, गुरजी. हितंच होतो, जागा. मागून हाक आली. 'दगडू' मनून." अण्णांनी स्वतःचं नाव अगदी हळू उच्चारलं. "आवाज गयेचाच. पन तुमीच सांगा, तिनं कदी माजं नाव घेतलं का? लग्नात उखान्यात घेतलं आसंल तेवडंच. मनलं, ही गया न्हाई. गयेचा आवाज घिऊन आलंय काईतरी. ओ द्यायची न्हाई. मंग परत आली हाक. लई बारीक. मी तिसरीची वाट बघत बसलो."

पानातून वारा गेला. माझ्या अंगावर काटा आला तो भुताच्या भीतीनं नव्हे. त्या बाईचा जीव जात असताना सगळे नेम गळून पडले असतील. अवं म्हणायला वेळ नसेल. नाव घेतलं, तर त्या नावानंच घात केला.

"जल्मभर घंटीची दोरी वडली मी," अण्णा म्हणाले. "एक घंटी झाली की गाडी थांबती. दोन झाल्या की निघती. हे मला कळाय पाहिजे होतं का न्हाई?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि त्यांची ती ओ मी खुळेपणात जमा केली होती. ते म्हणाले, आता ती कधी आलीच, आणि घराला कुलूप असलं, तर म्हणंल, ह्या माणसानं आजबी ओ दिली न्हाई. म्हणून जात नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी देईन ओ."

त्यांनी धुरकट डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी तर मानत न्हाई."

"न मानता ओ देता येते, अण्णा."

यावर त्यांनी खूप विचार केला. मग उठले आणि नव्या कंडक्टरला शिकवावं तशी मला तालीम दिली. आवाज मोठा पाहिजे, ती शेवटी शेवटी कमी ऐकत होती. पहिल्याच हाकेला द्यायची. नुसती ओ देऊन बसायचं नाही, आलो म्हणायचं आणि उठायचंच. चपला शोधत बसायचं नाही. "आन् नुस्तं होला पाखरू घुमलं तरी द्या," ते म्हणाले. "मला बी कदी कदी होलाच आसतो. चुकून दिलेली चालती. चुकून ऱ्हायलेली चालत न्हाई."

दोन दिवसांनी ते गेले. गाडीत बसण्याआधी खिशातला रुमाल काढून बाजेच्या मोकळ्या बाजूला टाकला आणि वर एक खडा ठेवला. घराची किल्ली माझ्याकडं दिली. ऑपरेशन चांगलं झालं, विलासचा फोन आला. अण्णा फोनवर फक्त एकच विचारतात, "हाक आलती का?" मी नाही म्हणतो.

काल दुपारी जेवून मी पुढच्या खोलीत पडलो होतो. बायको आत भांडी विसळत होती. ऊन असं होतं की डोळे मिटले तरी लाल दिसत होतं. कुठं तरी होला घुमत होता. मग तोही थांबला. आणि भिंतीपलीकडून, मागच्या अंगानं, काहीतरी आलं. दार वाऱ्यानं करकरलं असेल. वारा नव्हता. पण असेल.

शाळेत मी मुलांना शिकवतो की अशा वेळी आधी कारण शोधायचं. मी उठून बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ओ. आलो, आलो."

अंगणातली फरशी तव्यासारखी तापली होती. मी तसाच अनवाणी निघालो. आतून बायकोनं विचारलं, कुणी हाक मारली का तुम्हाला?

"मला नाही," मी म्हणालो. "अण्णांना."