आधी खांदा!

भूपाल आप्पा रस्त्यात भेटले की आधी तुमच्या पाठीमागे जातात. घाबरायचं काही कारण नाही. ते फक्त तुमच्या या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वीत टेकवतात, डोळे बारीक करतात, आणि मग पुढं येऊन म्हणतात, "व्हय, बोला आता." गेली अठरा वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. पाठ मोजल्याशिवाय या माणसानं मला एकदाही 'कसं काय' विचारलेलं नाही.

आप्पा म्हणजे निपाणीतले बँडवाल्यांचे टेलर. वरातीत दिसणारे ते लाल कोट, सोनेरी गोंडे, खांद्यावरच्या झुलत्या झालरी, हे सगळं त्यांच्या मशीनवरून जातं. पार चिकोडी-संकेश्वरपर्यंतची बँड पथकं मापं द्यायला त्यांच्याकडे येतात. आप्पांचा आयुष्यभराचा सिद्धांत दोन शब्दांत मावतो. "आधी खांदा! बाकीचं अंग मागनं येतंय."

एकदा झेंडावंदनाला कुणी मोठे साहेब आले होते. साहेब सलामी देऊन वळणार, एवढ्यात आप्पा त्यांच्या मागे. शिपाई धावला, पण तोवर वीत टेकवून झाली होती. "सायेब, कोट कुणी शिवला ह्यो? उजवा खांदा दोन सूत उतरलाय." मी शाळेचा मास्तर म्हणून मुलांच्या रांगेपुढं उभा होतो आणि जमीन दुभंगेल तर बरं, असं मला वाटत होतं. पुढच्या वर्षी साहेबांनी कोट आप्पांकडूनच शिवून घेतला, हा भाग आप्पा स्वतः सांगत नाहीत. तो मीच सांगत फिरतो.

त्यांची एकुलती एक लेक राजमती. तीन वर्षं माझ्या वर्गात होती. हुशार पोरगी, पण गॅदरिंग जवळ आलं की तिला हमखास ताप यायचा. प्रार्थनेला कायम शेवटच्या रांगेत, तेही खांबाआड. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'अत्यंत लाजाळू' असा शेरा मारला होता. तो शेरा मारताना मला माझ्या अक्षराचा आणि निदानाचा, दोन्हींचा अभिमान वाटला होता.

आता ती बेळगावजवळ मच्छ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढते. सुट्टीला घरी आली की गेम खेळत बसते. आणि तिच्या मागं स्टूल टाकून बसतात आप्पा. पडद्यावर किल्ला जळत असतो, चार हातांचा राक्षस अंगावर येत असतो, आणि मागून सूचना चालू.

"थांब गं, थांब. त्येचा हात वर जाऊ दे. बघ! सगळं चिलखत कानापातुर गेलं. हात हलायला काखंत कळी न्हाय ठेवली."

"आप्पा, मरतेय मी!"

"मर की, परत जित्ती हुतीस न्हवं? आदी ह्ये बघ. चार हात दिलेत तर बाह्यांचं चार मुंढं नीट काढायला नको?"

राक्षसाचं भय आप्पांना कधी वाटलं नाही. त्याच्या टेलरची मात्र त्यांना मनापासून कीव यायची.

मग या वर्षी एका रविवारी राजमतीनं भिंतीवरून मला हाक मारली. "सर, बेळगावात एका कॉलेजात स्पर्धा हाय. गेममधल्या माणसाचा पोशाख करून स्टेजवर जायचं. मी जाणार हाय." माझ्या हातातली झारी मोगऱ्याऐवजी माझ्या पायावर ओतली गेली. ही पोरगी, आणि स्टेजवर? तिनं निवडली होती गेममधली एक सेनापतीण. नियम एवढाच, की पोशाख विकतचा नको, घरी केलेला हवा, आणि गेममधल्या पोशाखाशी तंतोतंत जुळायला हवा.

पुढचा महिनाभर आमच्या गल्लीनं बँडचा एकही कोट पाहिला नाही. राजमतीनं चिलखताचे तुकडे कागदावर छापून आणले. ते कापायचे, फोमच्या शीटवर ठेवून आखायचे, फोम कापायचा, चपला जोडायचं सोल्यूशन लावून सांधे चिकटवायचे. फोमला बाक आणायला गरम हवेचं मशीन लागतं म्हणे. आप्पांनी ते साफ नाकारलं आणि आपली सात किलोची कोळशाची इस्त्री काढली. फोम इस्त्रीला चिकटू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्र घातलं. बाक झकास आला, फक्त सेनापतीणबाईंच्या पाठीवर साखर कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस उलट्या अक्षरांत उमटली. रंगाचे तीन हात देईपर्यंत ती वाचता येत होती. राजमतीची आई कुसुमआक्का त्या दिवसांत गादीवर बसूनच भाजी निवडायची. उठली की नवरा गादीतला फोम कापेल, अशी तिला खात्री होती.

पहिल्यांदा सगळं चिलखत अंगावर चढवलं तेव्हा आम्ही सगळे बघायला जमलो. राजमती बाहेर आली ती शेतातल्या बुजगावण्यासारखी. कोपर वळेना, गुडघा वळेना. शोध घेतला तेव्हा कळलं की आप्पांनी प्रत्येक सांध्याला आतून दोन बोटं फोम जास्त सोडलाय.

"मार्जिन हाय त्ये," आप्पा म्हणाले. "उद्या अंगानं भरलीस तर उसवून सैल करता येतंय."

"आप्पा, फोम हाय ह्यो! उसवत न्हाय."

"मग कसलं कापड म्हणायचं ह्ये?" चाळीस वर्षं ज्या हातांनी कुणाच्या कपड्यातलं मार्जिन कापलं नव्हतं, त्या हातांनी आप्पांनी ते कापून टाकलं. दोन दिवस ते माझ्याशीही धड बोलले नाहीत.

स्पर्धेला चार दिवस राहिले आणि शेजारून आवाज चढले. कुसुमआक्का मला बोलवायला आली. "गुर्जी, तुमीच सांगा दोघास्नी." मी गेलो तर चिलखताचे खांद्यावरचे दोन्ही तुकडे जमिनीवर पडलेले आणि बापलेक दोन कोपऱ्यांत.

भांडण समजायला मला वेळ लागला. गेममधल्या त्या सेनापतिणीला जुनी जखम आहे. तिचा डावा खांदा खाली झुकलेला, त्यावरचं चिलखतही तिरकं बांधलेलं. आप्पांनी गुपचूप डाव्या बाजूला आतून फोमचे तीन थर देऊन दोन्ही खांदे एका रेषेत आणले होते.

"तिरकंच पायजे म्हटल्यावर तिरकं करायचं, आप्पा," मी शिक्षकी आवाजात म्हणालो. "नाहीतर मार्क जातील."

"गुर्जी, तुमाला काय ठावं न्हाय," आप्पा म्हणाले आणि खिडकीकडं बघत राहिले.

मग राजमतीनं सगळं सांगितलं. चार वर्षांची असताना ती सायकलवरून पडली होती. सायकल आप्पा चालवत होते. गळ्याजवळचं हाड वाकडं जुळलं आणि डावा खांदा खाली राहिला तो राहिलाच. तेव्हापासून तिचा प्रत्येक फ्रॉक, शाळेचा ड्रेस, कुडता, ब्लाऊज आप्पांनी शिवला, डाव्या बाजूला आत गादी घालून. वीस वर्षं गल्लीतल्या कुणाला दिसलं नाही. तीन वर्षं रोज समोर बसवून मला दिसलं नाही. गॅदरिंगचा ताप मला त्या क्षणी समजला. नाचाचे ड्रेस भाड्यानं यायचे, त्यात गादी नसायची. माझा तो सुवाच्य शेरा आठवून मला स्वतःची लाज वाटली.

"म्हणून तर ही बाई निवडली मी," राजमती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "आप्पा, तुमी शिवलेलं घालून मी वीस वर्षं सरळ उभी राहिले. आता एक दिवस माझ्यासारखी उभी राहू द्या. न्हायतर मी जात न्हाय."

 आप्पा उठले, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "हिकडं ये. नव्यानं माप घ्यायला लागंल." त्यांनी आधी डावा खांदा मोजला. मग उजवा. मग परत डावा. 'आधी खांदा' हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. मी हळूच घरी आलो.

स्पर्धेला आम्ही बँडवाल्यांच्या टेम्पोतून गेलो, कारण चिलखत बसमध्ये मावेना. बँडमास्तर म्हणाला, टेम्पो येणार तर बँडही येणार. त्यामुळं कॉलेजच्या त्या गार हॉलमध्ये, जांभळ्या केसांच्या आणि प्लास्टिकच्या तलवारींच्या गर्दीत, लाल कोटातले आठ बँडवाले शेवटच्या रांगेत बसले. राजमतीचं नाव पुकारलं तसे आठही जण उठले आणि त्यांनी वरातीतली सगळ्यात जोरकस चाल सुरू केली. आयोजक धावत आले, पण तेवढ्यात ती पडद्याआडून बाहेर आली होती.

काय सांगू! काळंशार चिलखत, कडांना बँडच्या कोटाची सोनेरी फीत, आणि डावा खांदा खाली, जसा आहे तसा. चालताना कुठं काही अडत नव्हतं, काखेत चिलखत चढत नव्हतं. ती मधोमध येऊन थांबली आणि तिनं मान वर केली. सगळा हॉल उभा राहिला. मी बाकावर चढून शिट्टी वाजवली. निवृत्त मुख्याध्यापकाला ते शोभत नाही, पण वाजली.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. माइकवाल्या मुलानं अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या इंग्रजीत विचारलं, हे बनवलं कुणी? राजमतीनं माइक हातात घेतला आणि आमच्या निपाणीच्या बोलीत खणखणीत सांगितलं, "माझ्या आप्पांनी. बँडचं ड्रेस शिवत्यात. माझा डावा खांदा दीड इंच खाली हाय. लई वर्षं त्यांनी झाकला, आज त्यांनीच दावला."

पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. मी शेजारी बघितलं. आप्पा उभे होते, गळ्यातली टेप दोन्ही मुठींत घट्ट धरून. डोळ्यांतलं पाणी ते पुसतही नव्हते.

"दीड न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "सव्वा. सव्वा इंच हाय त्यो."