एमरिसची ऐसपैस खाण

लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी दहा वर्षांच्या नेस्टने आजी-आजोबांसमोर एक लिफाफा ठेवला. मेअर आजीने चष्मा चढवून तो उघडला, आतली तीन तिकिटं वाचली आणि तिचा चेहरा खुलला. एमरिस आजोबांचा मात्र घास घशातच अडकला.

"कोळशाच्या खाणीचं संग्रहालय!" नेस्ट म्हणाली. "कामगारांच्या खऱ्याखुऱ्या लोखंडी पिंजऱ्यातून, म्हणजे लिफ्टमधून, खाली उतरायचं. आजोबांनी तीस वर्षं कुठे काम केलं ते आजीला दाखवायचं."

"आजीचे गुडघे..." एमरिस म्हणाला.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत. शनिवारी ना? जाऊ या."

अडचण गुडघ्यांची नव्हतीच. मेअरचे वडील एका सकाळी खाणीत गेले ते परत आलेच नाहीत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, पाळी संपवून घरी आलेल्या एमरिसला तिने विचारलं होतं, "खाली कसं असतं रे?" तिच्या डोळ्यांकडे बघून त्याने ठोकून दिलं, "आता पूर्वीसारखं नाही राहिलं. रविवारी प्रार्थनेला जातो त्या चॅपलसारखं उंच छत, जिकडेतिकडे विजेचे दिवे. ताठ उभं राहून काम करतो आम्ही." एकदा बोलला ते तीस वर्षं निभावावं लागलं. खाण बंद झाली तेव्हा तो सगळ्यांबरोबर रडला, पण मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. आणि आता या वयात, ज्या माणसाच्या शब्दावर ती पन्नास वर्षं निर्धास्त राहिली तो थापाड्या निघणार होता.

त्याच दुपारी त्याने इद्वलला गाठलं. इद्वल त्याचा खाणीतला जोडीदार. गेली दोन वर्षं तो त्या संग्रहालयातच पर्यटकांना खाण दाखवत होता.

"एवढंच सांग, की सगळं ऐसपैस होतं," एमरिस म्हणाला. "दिवे होते, हवा खेळती होती."

इद्वल बुटांकडे बघत म्हणाला, "मीपण घरी बायकोला, बेटीला, हेच सांगत आलोय रे. बरं, बघतो काय जमतं ते."

शनिवारी बारा माणसं पिंजऱ्यातून खाली उतरली. सुरुवातीच्या भागात भिंतींना चुना दिलेला, छत उंच. एमरिसने मोकळा श्वास घेतला.

"असेच दिवे शेवटपर्यंत होते," इद्वल घसा खाकरून म्हणाला.

"मग आमच्या हेल्मेटवर दिवे कशाला लावलेत?" नेस्टने विचारलं.

"शोभेला," एमरिस म्हणाला.

इंग्लंडहून आलेले एक गृहस्थ सगळं वहीत टिपून घेत होते. "कामगारांना बसायची सोय होती का?"

"खुर्च्या होत्या," इद्वल म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थांबायचं कुठे हे कळत नाही. "गाद्यांच्या. आणि दहाच्या ठोक्याला चहाची गाडी फिरायची."

"बिस्किटं?"

"दोन प्रकारची."

एमरिसने त्याच्या पायावर पाय दिला. मेअर शांतपणे ऐकत होती, मान हलवत होती.

पुढे छत खाली आलं. आधी माना वाकल्या, मग कमरा.

"ही घोड्यांची वाट," एमरिस घाईने म्हणाला. "आम्ही इकडून यायचो नाही."

"घोडा माझ्यापेक्षा उंच असतो, आजोबा."

"बुटके घोडे होते."

"पण तुम्हीच तर शाळेत येऊन आम्हाला सांगितलंत, की कोळशाचा थर कमरेएवढा होता आणि तुम्ही कुशीवर पडून तो फोडायचात!"

"ती... ती दुसरी खाण."

"तुम्ही दुसऱ्या खाणीत कधी होतात?"

गृहस्थांनी वहीतलं एक पान मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं. "मग त्या खुर्च्या इथे मावायच्या कशा?"

इद्वलला घाम फुटला. विषय बदलायला त्याला एकच गोष्ट सुचली, आणि नेमकी तीच सुचायला नको होती. "चला, आता सगळ्यांनी आपापले दिवे बंद करा! खाणीतला अंधार म्हणजे काय ते बघा."

दिवे विझले. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. या काळोखात मेअरला तिचे वडील आठवत असतील, असं एमरिसच्या मनात आलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. सांगून मोकळं व्हावं म्हणून तो तिच्या दिशेने सरकला.

"एमरिस, डावीकडे नको, तिथे तुळई खाली आलीय," मेअर म्हणाली.

ठण्ण! हेल्मेट वाजलं.

"तुला दिसली कशी?"

"दिसली नाही. गेल्या वेळी मी आपटले होते तिच्यावर."

"गेल्या वेळी?" एमरिस आणि इद्वल एकदमच ओरडले.

"संग्रहालय उघडलं त्याच महिन्यात. इद्वल, तू इथे कामाला लागायच्या कितीतरी आधी. चॅपलमधल्या आम्ही अकरा जणी आलो होतो. तुम्हाला सांगितलं, कार्डिफला पडद्याचं कापड बघायला चाललोय."

"बेटी... बेटीपण होती?" इद्वलने चाचरत विचारलं.

"तिकिटं तिनेच काढली. अकरा जणींना अकरा नवऱ्यांनी चॅपलचंच छत सांगितलेलं, शब्दाला शब्द! वर आल्यावर ताळा जुळवला तेव्हा कळलं. मग बेटी म्हणाली, खोटं इतकं जपून सांभाळलंय बिचाऱ्यांनी. आपण कशाला मोडायचं?"

"रागावली नाहीस?" एमरिसने विचारलं.

"रागावले ना! आठवडाभर तुझ्या चहात साखर घातली नाही. तुला कुठे कळलं?"

काळोखात कुणीतरी फिसकन हसलं. एमरिसला हसावं की काय करावं कळेना. तेवढ्यात मेअरचा हात त्याच्या पाठीवर आला आणि मणक्यावरून खाली सरकत एका जागी थांबला. तिथे बुटक्या छताने खरवडलेल्या जखमेची जुनी खूण होती. अशा सात होत्या, एकीखाली एक; जोडीदार म्हणून इद्वललाही त्या ठाऊक होत्या. प्रत्येकीवर तिने कधी ना कधी मलम चोळलं होतं आणि "सदरा घासला" एवढ्या उत्तरावर गप्प बसली होती.

"ही कुठली?" तिने विचारलं.

एमरिस म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यातली. छत कुरकुरलं म्हणून मी मागे सरकलो, आणि..."

तो सांगू लागला. नेस्ट खाली फतकल मारून बसली. इतका वेळ काळोखातही खरडणारी वहीवाल्या गृहस्थांची पेन्सिल थांबली. पहिली झाली, मग बोट खाली सरकून दुसरीवर आलं.

"दिवे लावायचे का आता?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"थांबा हो," इद्वल म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता. "अजून पाच राहिल्यात."