ज्याने ठरवलं, त्याने माफी मागावी

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, रत्नागिरीच्या आमच्या आळीतल्या बयोआत्या कढीलिंबाची डहाळी खुडण्यापूर्वी झाडाची परवानगी घेत असत. दिवेलागणीनंतर तर कुणाला झाडाला हातच लावू देत नसत. "निजलंय ते. तुला झोपेतून उठवून केस ओढले तर चालेल?"

"विचारलंस?" हा त्यांचा लाडका शब्द. गाय विकणाऱ्याला, "गायीला विचारलंस?" लेकीचं लग्न ठरवून पेढे वाटत आलेल्या बापाला, "पेढा राहू दे. तिला विचारलंस?" तो बाप पेढ्यांसकट परत गेला.

तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर फक्त वर्तमानपत्रात होता. पण आत्यांचा भाचा सुधीर मुंबईत ज्या ऑफिसात होता, तिथे तो आलेला. सुधीरने हौसेने घरच्या वाडीतल्या झाडांची माहिती त्याला पुरवली. निकाल लागला: विहिरीकाठचा फणस फळत नाही, आंब्याच्या कलमांचं ऊन अडवतो, तोडा. सुधीर हातखंब्याहून कुऱ्हाडवाला घेऊनच आला.

आता आमच्याकडची रीत अशी की, झाड तोडायचं ज्याने ठरवलं, त्यानेच खोडाला हात लावून माफी मागायची. मग पहिला घाव.

"ठरवलं कुणी?" आत्या म्हणाल्या.

"कॉम्प्युटरने."

"मग आण त्याला. लावू दे हात."

"अगो आत्या, तो मुंबईला थंड खोलीत असतो. त्याला हात नसतात."

"हात नाहीत, घाम नाही, मेल्याने सावलीत कधी पाठ टेकली नाही, आणि तोडा म्हणून सांगतो?"

"त्याची चूक होत नाही, आत्या."

"मग तो माफी काय मागणार? पाप कुणाच्या माथी?"

कुंपणाशी उभा राहून मी हसत होतो. कुऱ्हाडवाला धोतराचा काचा मारत होता.

"बरं, मीच मागतो!" सुधीर तणतणत गेला. त्याने खोडावर तळवा टेकला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

मूल होत नाही म्हणून आत्यांना सासरच्यांनी कायमचं माहेरी, भावाकडे परत पाठवलं होतं. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या स्वतः कधी एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. आता त्या पुढे आल्या, सुधीरच्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत फणसाला म्हणाल्या,

"घाबरू नको रे. मी तरी कुठे फळले? पण ह्याच्या बापाने ठेवलंन ना मला!"